सहा नोझलांची तपासणी

नोझलचं काम करणाऱ्याचे कान चांगले असावे लागतात, मन कसंही चालतं. माझे कान उत्तम होते.

मानकोली नाक्याजवळ माझं डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचं दुकान होतं. ऐंशीच्या दशकात भिवंडीतून कापडाच्या गाठी भरून निघालेला ट्रक घाटात धापा टाकायला लागला, की मालक त्याला माझ्याकडे आणायचे. नोझल म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणारी तोटी. तिच्या स्प्रिंगवर मी एखाददुसरा पातळ वॉशर जास्त चढवायचो, म्हणजे प्रेशर वाढायचं. वर पंपातून डिझेलही थोडं जास्त सोडायचो. गाडी घाटात नुसती पळायची. मालक खूष, मी खूष. इंजिनाला काय वाटतं हे विचारायची पद्धत नव्हती.

टेमघरच्या एका मालकाच्या गाडीचं मी असंच काम केलं. तिच्यावर गावाकडचा एक ड्रायव्हर होता. चाळिशीचा, विडीसुद्धा न ओढणारा, आणि स्वतःच्या नीटनेटकेपणाची जरा जास्तच जाण असलेला. मला तो आवडायचा नाही. एकदा टपरीवर सगळ्यांसमोर तो म्हणाला, "मिस्त्री, आता बरं वाटतं हाय, पण एवढ्या प्रेशरला नोझल टिकायचे न्हाय. चार महिन्यांत ठिबकायला लागतील, आन् डिझेल जास्त खातील."

"तू स्टेअरिंग धर," मी म्हणालो. "नोझलचं मी बघतो." लोक हसले. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण चेव आला आणि मी मालकाला तिथंच शब्द दिला की ॲव्हरेज तसूभरही पडणार नाही.

चार नाही, तीनच महिन्यांत पडलं. लिटरमागे चांगला एक किलोमीटर कमी. मालकाच्या डोक्यात आधी आली ती चोरी, कारण वाटेत डिझेल काढून विकणारे ड्रायव्हर त्या रस्त्यावर ढिगानं होते. या ड्रायव्हरनं मात्र छाती पुढे काढून सांगितलं, "शेठ, नोझल खोलून बघा. मिस्त्रीच्या टेस्टरवर, सगल्यांसमोर बघा. नोझल चांगले निघाले तर मी चोर."

त्याचा माझ्यावर एवढा विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर पंधरा-वीस जण जमले. टेस्टर म्हणजे हातानं दांडा दाबायचा साधा पंप आणि वर प्रेशरचं घड्याळ. चांगला नोझल दांडा दाबताच कुरकुरतो आणि धुक्यासारखा फवारा सोडतो. बिघडलेला मुतल्यासारखी धार सोडतो आणि टोकाशी थेंब लटकवून ठेवतो. गाडीतून पहिला नोझल काढला तेव्हा त्याच्या टोकावरची काजळी बघूनच मला कळलं. ड्रायव्हर म्हणाला होता अगदी तसंच झालं होतं.

दुकान अरुंद होतं. लोक दारात, मी त्यांच्याकडे पाठ करून टेबलाशी. काढलेले सहाही नोझल मी धुण्यासाठी रॉकेलच्या ट्रेमध्ये सोडले आणि त्याच ट्रेमधून माझा स्वतःचा, आदल्या दिवशी सेट केलेला नोझल उचलून टेस्टरला लावला. दांडा दाबला. कुरकुर बरोबर, फवारा बरोबर. "एक," मी म्हणालो. मग तोच नोझल काढला, ट्रेमध्ये बुडवला आणि पुन्हा लावला. "दोन." असं करत सहापर्यंत गेलो.

चौथ्या फवाऱ्याला ड्रायव्हरनं तोंडावरून हात फिरवला. मला तेव्हा मजा आली होती, खोटं कशाला सांगू?

मालकानं त्याच्या हातातून किल्ली हिसकावून घेतली आणि सगळ्यांदेखत कानाखाली वाजवली. ड्रायव्हर एसटी पकडून वज्रेश्वरीला गेला, देवीच्या पायरीला हात लावून शपथ घेतली की एक थेंब विकलेला नाही, आणि परत येऊन नाक्यावर प्रत्येकाच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. माझ्याही ठेवला. मी खाल्ला.

गाडी दुकानातच होती. मी गुपचूप सहाही नोझल बदलले, जादा वॉशर काढले, पंप पूर्ववत केला. नवा ड्रायव्हर पहिली फेरी मारून आला तर ॲव्हरेज जागेवर. घाटातला जोर गेला होता, पण चोर सापडल्याच्या आनंदात मालकाला त्याचं काही वाटलं नाही. ड्रायव्हर बदलला आणि डिझेल पुरायला लागलं, याहून मोठा पुरावा नाक्याला नको होता. जुन्या ड्रायव्हरला पुन्हा कोणी गाडीवर घेतलं नाही.

महिन्याभरानं दुपारी तो दुकानात आला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"मिस्त्री, सहाच्या सहा नोझल चांगले व्हते, मी डोल्यांनी बघितले. आता गाडीपन बरोबर चालते. मंग डिझेल गेलं कुठं? कुठं थांबलो, कुठं झोपलो, सगलं आठवून बघितलं." त्यानं आवाज खाली आणला. "मानूस चोरतो आन् इसरतो, असं व्हतं का?"

दुकानात आम्ही दोघंच होतो. सांगायचं असतं तर तेव्हाच. पण प्रेशर चढवून घ्यायला बाहेर दोन ट्रक उभे होते. मी म्हणालो, "होतं. झोप पुरी झाली नाही की होतं."

"मंग मी देवीसमोर खोटं बोललो," तो म्हणाला आणि गेला.

नव्वदनंतर मानकोलीला मोठमोठी गोडाउनं उठली. एकदा तिथल्या एका गाडीचे नोझल काढून थैलीत घातले आणि निघालो, तेव्हा सुटीची वेळ होती आणि हमाल फाटकातून बाहेर पडत होते. त्यांच्यात तो होता, केस पिकलेले. वॉचमन विडी पेटवत होता, कोणाला काही विचारत नव्हता. हा एकटा थांबला. डब्याची पिशवी उघडून वॉचमनच्या पुढे धरली, डबा काढून दाखवला, पिशवी उलटी करून झटकली.

"जा रे बाबा," वॉचमन म्हणाला. "रोज रोज कशाला दाखवतोस? तुला कोणी विचारलंय का?"

त्यानं मला बघितलं, हात जोडले आणि गेला. त्याच्यामागून मी त्याच फाटकातून बाहेर पडलो. माझ्या थैलीत काय आहे, हे मला कोणी विचारलं नाही.