दुपारी पोरांजवळ कोण?

आमच्या युनिटमध्ये मे महिन्यात कुणालाच रजा मिळत नाही. जूनमध्ये शाळा उघडतात, त्याआधी शर्ट, फ्रॉक, हाफपँटा दुकानांत पोचायला हव्या असतात. सोलापुरात गणवेश शिवणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत. त्यांतल्याच एकात मी चेकिंगची सुपरवायझर आहे. आमच्याकडे काम ऐन जोरात असतं तेव्हाच माझी स्वतःची दोन मुलं सुट्टी लागून घरी बसलेली असतात. लेक नऊ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा.

माझे मिस्टर चिंचोळीला एमआयडीसीत मेंटेनन्सला आहेत. त्यांच्या पाळ्या बदलत असतात, आणि सुट्टीत आमचं सगळं घर त्या पाळ्यांवर चालतं. दरवर्षी सासूबाई गावाहून यायच्या. सांगोल्याकडच्या त्या; घरी शेळ्यामेंढ्या. जनावरं सासऱ्यांवर सोपवून त्या सुट्टीभर आमच्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये राहायच्या आणि आम्ही निर्धास्त असायचो. त्या वर्षी धाकट्या जावेचं बाळंतपण आलं. मग आम्ही उलटं केलं. मुलांनाच गावी पाठवलं. आठवडाही झाला नसेल, सासूबाईंचा फोन आला.

“लेकरू पार सुकलंय गं. काल रातच्यापास्नं उलट्या करतंय. घिऊन जा बाई, हितं ऊन लई हाय. मला भ्या वाटतंय.”

हे पहाटेच्या गाडीने गेले आणि दोघांना घेऊन आले. मुलगा दोन दिवसांत हिंडूफिरू लागला, पण आमच्यापुढचा प्रश्न परत तिथंच आला. ह्यांची रात्रपाळी असली की दिवसा ते घरी असत. दुसरी पाळी असली की जेवणं उरकून ते निघत आणि मी संध्याकाळी पोचेपर्यंत मधली सगळी दुपार मोकळी राही. त्या दुपारी पोरांजवळ कोण?

खालच्या मजल्यावर एक वयस्क बाई एकट्या राहतात. तेलुगू बोलणारं घर, पूर्वी त्यांच्याकडे माग होते. मुलं त्यांना अव्वा, म्हणजे आजी, म्हणतात. मी अडखळत विचारलं तर त्या हसल्याच.

“तू जा की कामाला. मी हाय ना. दोन लेकरं काय जड हाय का मला?”

मग दुपारी अव्वा वर येऊन बसू लागल्या. कूलरच्या वाऱ्यात त्यांचा डोळा लागे, पण घरात मोठं माणूस आहे एवढंच मला पुरेसं होतं. तरी मी लेकीला रोज पढवत असे. गॅसजवळ जायचं नाही. कुणासाठी दार उघडायचं नाही. कूलरमध्ये हात घालायचा नाही. भाऊ गच्चीवर जाऊ लागला तर धरून ठेवायचं. जुना एक मोबाईल तिच्यासाठी घरात ठेवला होता, त्यात माझा आणि बाबांचा नंबर. ती शाळेतला पाठ म्हणावा तसं सगळं घडाघडा म्हणून दाखवायची. ऐकताना कौतुक वाटायचं. नऊ वर्षांच्या पोरीला इतकं सगळं पाठ असायला नको, असंही वाटायचं.

कामावर माझं मन कधीच पूर्ण नसे. हातांत शर्ट, नजर शिलाईवर, आणि डोक्यात गॅसचं बटण. आमच्याकडे चेकिंगच्या टेबलावर फोन चालत नाही. पर्स रॅकमध्ये, फोन पर्समध्ये. चहाच्या सुट्टीत मी आधी फोनकडे जायची. लेक म्हणायची, “आम्ही ठीक आहोत, अव्वा झोपल्यात,” आणि मग चहा घशाखाली उतरायचा.

त्या दिवशी लातूरकडच्या एका मोठ्या दुकानाचा माल संध्याकाळी निघायचा होता. चहाची सुट्टी लांबली. अखेर रॅककडे गेले आणि फोन बघितला तर घरच्या मोबाईलवरून मिसकॉलवर मिसकॉल. मी लगेच लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. परत लावला, पुन्हा तेच.

अव्वांना लावला. मागे गाडीची घरघर ऐकू येत होती.

“अगं, माझा भाऊ पडला मोरीत. अक्कलकोटला चालले मी. पोरीला सांगितलं की, आईला फोन कर म्हणून. केला नाही का तिनं?”

तिने केला होता. मीच उचलला नव्हता.

“किती वेळ झाला निघून?”

“झाला की बराच. का गं? काय झालं?”

मी उत्तर न देताच फोन ठेवला. मालकीणबाई हिशेबाच्या खोलीत होत्या. त्यांना दारातूनच म्हटलं, “घरी पोरं फोन उचलत नाहीयेत, मी जाऊन येते.” माल निघायचा होता, तरी माझा चेहरा बघून त्यांनी हातानेच जा म्हणून सांगितलं.

सोलापुरातल्या मेमधली दुपार. स्कूटीचं सीट हात लावू देत नव्हतं. रस्त्यात माणूस नव्हतं. मी स्कार्फसुद्धा बांधला नव्हता, तोंडावर झळा बसत होत्या. सिग्नलला थांबले की फोन लावत होते. रिंग वाजे आणि बंद होई. मनात एकेक चित्र येत होतं, आणि त्यातलं एकही चांगलं नव्हतं. कूलरचा शॉक. गच्ची. झोपली असतील, असं मी स्वतःला मोठ्याने म्हणून बघितलं. पण झोपलेल्या मुलीने इतके फोन केले नसते.

जिन्यात रक्ताचे थेंब होते. एका पायरीवर, मग वर आणखी एका पायरीवर. आमच्या दाराला बाहेरून कुलूप होतं.

माझ्याकडची किल्ली दोनदा उलटी घातल्यावर कुलूप उघडलं. आत स्टूल आडवं पडलेलं, कूलरचं पाणी फरशीवर सांडलेलं आणि त्यात रक्त मिसळलेलं. कूलरच्या लोखंडी स्टँडच्या कोपऱ्यालाही लागलेलं. मोबाईल दिवाणावर होता, माझ्या मिसकॉलनी भरलेला. दोरीवरचा मोठा टॉवेल नव्हता. मुलांना मी हाका मारल्या. बाहेरून कुलूप असलेल्या घरात मुलं नसणार हे कळत होतं, तरी मी मोरीत बघितलं, कपाटाच्या मागे बघितलं.

खाली गेटपाशी झाडाखाली इस्त्रीवाल्या मावशी असतात. त्या म्हणाल्या, “ताई, तुमची पोरगी भावाला कडंवर घिऊन गेली की. टावेलानं तोंड बांदलं हुतं त्याचं. मी हाक मारस्तवर रिक्षात बसली बी.”

“कुठल्या बाजूला गेली?”

“मेन रोडकडं. कुटं ते नाय कळलं.”

म्हणजे दवाखान्यात, असा मी तर्क केला. जवळचा आमचा नेहमीचा दवाखाना. तिथं गेले तर शटर खाली. दुपारी आमच्याकडे सगळे दवाखाने बंद असतात, हे भीतीच्या भरात मी विसरूनच गेले होते. पुढच्या गल्लीतला बंद, त्याच्या पुढचा बंद. औषधाच्या दुकानातला माणूस म्हणाला, “इथं कुणी आलं नाही, ताई. रिक्षावाला ओळखीचा होता का?”

तो सहज विचारत होता. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. तोवर मला फक्त रक्त दिसत होतं. आता रिक्षा दिसू लागली, अनोळखी माणसाची, आणि तिच्यात माझी पोरगी. पाळीवर ह्यांचा फोन लॉकरमध्ये असतो, म्हणून मी ह्यांच्या कारखान्याच्या गेटवर फोन लावला. सिक्युरिटीवाल्याला मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. “त्यांना बोलवा, लवकर बोलवा” एवढंच म्हणत होते. मग पोलिसांना लावायचं म्हणून फोन कानापासून काढला, तेवढ्यात तो वाजला. आमच्या युनिटचा वॉचमन.

“मॅडम, तुमची पोरं हितं हायती. या लगीच. त्या रिक्षावाल्याला सोडला न्हाय आमी.”

मी घराकडे निघाले होते आणि मुलं माझ्याकडे निघाली होती. वाटेत कुठंतरी आम्ही एकमेकांना ओलांडलं असणार.

परतीचा रस्ता मी कसा कापला माहीत नाही. युनिटच्या गेटपाशी घोळका होता. मधे पन्नाशीचा रिक्षावाला, त्याच्या खाकी शर्टाची एक बाही रक्ताने भरलेली, आणि आमच्या वॉचमनने त्याचा दंड धरलेला.

“छोडो ना भाई हाथ,” तो म्हणत होता. “बच्ची को पूछो ना तुम.”

लेक रडत ओरडत होती, “काकांना सोडा! काकांनी काही नाही केलं!” तिचं कुणी ऐकत नव्हतं. धाकटा मालकीणबाईंच्या मांडीवर बसला होता, हनुवटीला बर्फ लावलेला, डोळे टक्क उघडे. मला बघितल्यावर त्याने भोकाड पसरलं, आणि त्या आवाजाने मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

वॉचमनने हात सोडल्यावर रिक्षावाला माझ्यावर चिडला. चिडणारच. लेकीने त्याला “गणवेशाचा कारखाना” एवढाच पत्ता सांगितला होता. तिला आमच्या युनिटचं नाव माहीत नव्हतं. पाण्याच्या टाकीच्या जवळ आहे, आई तिथं शर्ट बघते, इतकंच ठाऊक. त्याने आधी दोन कारखान्यांत विचारलं.

“पैले के कारखाने में लोगां जमा हो गए,” तो म्हणाला. “किसके बच्चे, कहाँ से लाया, खून कैसे आया? मेरे को मारते थे वो लोगां, बाई. मैं बोला दवाखाने चल बेटी, तो ये बोली नहीं, मेरी माँ के पास ले चलो.”

मी हात जोडले. दुसरं काय करणार? त्याने भाडं घेतलं, नळावर बाही धुतली, आणि जाताना धाकट्याला म्हणाला, “अब कूदना नहीं हाँ.” त्याचा आवाज अजून कापत होता. त्याच्याही घरी त्या दिवशी काहीतरी सांगितलं गेलं असेल, आणि त्यात मी कशी दिसले असेन याचा विचार मला नंतर अनेकदा आला.

मोठ्या दवाखान्यात टाके पडले. मला आणि नर्सला धाकट्याला धरून ठेवावं लागलं. बाहेर पायऱ्यांवर बसल्यावर लेकीने सगळं सांगितलं. अव्वा गेल्यावर तिने मला फोन केला, उचलला नाही. बाबांचा फोन लॉकरमध्ये. भाऊ स्टुलावरून दिवाणावर उडी मारायचा खेळ खेळत होता. तिने दोनदा खाली उतरवलं. तिसऱ्यांदा स्टूल सरकलं.

“मी खूप फोन केले, आई. मग टॉवेल बांधला. गॅस बघितला. कूलरचं बटण बंद केलं. कुलूप लावलं.” तिने फ्रॉकच्या खिशातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. “फोन न्यायला विसरले.”

“असू दे गं.”

“दार उघडायचं नाही म्हणाली होतीस तू. पण ते कुणी आलं तर ना? आपण जायचं असलं तर?”

मी तिला जवळ घेतलं. इतका वेळ धीर धरलेली पोर तिथंच, दवाखान्याच्या पायऱ्यांवर, भडाभडा ओकली.

हे निरोप मिळाल्यावर कारखान्यातल्या कपड्यांतच दवाखान्यात आले, हातांना ग्रीस तसंच. त्यांनी धाकट्याची हनुवटी बघितली आणि मग लेकीपुढे उकिडवे बसले. तिची विस्कटलेली वेणी नीट घालायला लागले. वेणी त्यांना घालता येत नाही.

घरी आल्यावर मी म्हटलं, “मी सोडते नोकरी.”

“तू कशाला? मी पाळी बदलून मागतो.”

“नाही दिली तर?”

“नाही दिली तर मी सोडतो.” दोघांनाही माहीत होतं की कुणी सोडणार नाही. घराचे हप्ते आहेत, शाळा आहे.

मालकीणबाईंनी आपणहून सांगितलं, पोरांना इथं आणत जा. चार दिवस दोघं धागे कापणाऱ्या बायकांच्या खोलीत बसली. बायकांनी लाड केले, चिंध्यांच्या बाहुल्या करून दिल्या. पण कापडाचा भुगा हवेत उडतो, धाकटा खोकायला लागला, तेही बंद पडलं. शेवटी ह्यांनी सुट्टी संपेपर्यंत कायमची रात्रपाळी मागून घेतली. दिवसा ते घरात झोपायचे आणि मुलं हळू आवाजात खेळायची. बाप घरात होता, पण झोपलेला. मी रोज निघताना त्यांना हलवून विचारायची, “हाक मारली तर उठाल ना?” ते डोळे न उघडता “हो” म्हणायचे. त्या “हो”वर मी दिवस काढायची.

अव्वा परतल्या तेव्हा वर येऊन धाकट्याच्या हनुवटीवरून हात फिरवत बराच वेळ बसल्या. “मी थांबायला पायजे होतं,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “भाऊ पडला होता तुमचा, अव्वा.” त्यांनी मान हलवली, पण त्यानंतर मुलांना सांभाळते असं त्या कधी म्हणाल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. आमच्यात भांडण झालं नाही. फक्त ते थांबलं.

शाळा सुरू झाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. कुणालाही सांगायची लाज वाटावी इतकं सुटल्यासारखं. धाकट्याचा व्रण आता हनुवटीखाली गेलाय, मान वर केली तरच दिसतो. तो लोकांना मान वर करून दाखवतो, हौसेने. लेक त्या दिवसाबद्दल बोलत नाही. पण आम्ही कुणाकडे गेलो, लग्नाच्या कार्यालयात गेलो, तरी ती आधी विचारते, “आई, या जागेचं नाव काय?” आणि ओठांत पुटपुटून पाठ करते.

परवा जेवताना ह्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, “दिवाळीच्या सुट्टीचं काय करायचं?” मी म्हटलं, “बघू.” दोघांनीही लेकीकडे बघितलं नाही.