तळ्यातलं केशकर्तनालय

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये भेटेल त्याला मी हे सांगायचो. बायको म्हणायची, "इथे दूधवाला येत नाही म्हणून, नाहीतर त्यालाही ऐकवलं असतंस."

ऑफिसात माझं काम कॉम्प्युटरवर नकाशे बनवायचं. दोन हजार सहाच्या सुमारास शेजारच्या शहरातल्या एका ब्लॅक, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चला माणूस हवा होता. हायवेसाठी पाडलेल्या त्यांच्या जुन्या बाजारपेठेचा नकाशा करायचा होता. मी हात वर केला.

चर्चमधल्या एका म्हाताऱ्या बाईंनी चाळीस दुकानांचे पत्ते लिहून दिले. त्यात एक त्यांच्या वडिलांचं, केस कापायचं.

"रविवारी प्रदर्शन आहे. माझा नातू येणारे. त्याला वाटतं, मी थापा मारते."

पत्ते कॉम्प्युटरात टाकले, बटण दाबलं आणि घरी जाऊन निवांत वरणभात खाल्ला. शनिवारी सकाळी ऐटीत लॅपटॉप उघडला. बाई चष्मा लावून वाकल्या.

"बाळा, हे निळं काय?"

"तळं, मॅम."

तो रस्ताच आता नकाशात नव्हता, म्हणून कॉम्प्युटरने सगळी दुकानं झिपकोडच्या, म्हणजे इथल्या पिनकोडच्या, मधोमध टाकून दिली होती. मधोमध होतं गोल्फ क्लबचं तळं. शिंपी, दातांचा डॉक्टर, अंत्यविधीवाले, झाडून सगळे एका ठिपक्यावर, पाण्यात! आणि मी तपासलंसुद्धा नव्हतं.

"माझ्या वडिलांना पोहता येत नव्हतं," बाई म्हणाल्या. "आणि गोऱ्यांच्या त्या क्लबाने त्यांना बुडायलाही आत घेतलं नसतं. तुझं कॉलेज किती वर्षांचं होतं म्हणालास?"

मग जे सुचलं ते कॉलेजातलं नव्हतंच. आमच्या गावात घरांना नंबर नाहीत. पत्ता म्हणजे पिठाच्या गिरणीसमोर, बोरीपासून तिसरं दार. मी विचारलं, "दुकानाच्या दारात उभं राहिलं की काय दिसायचं?"

"समोर ह्याच चर्चचा मनोरा. डावीकडे रेल्वेचं फाटक."

दोन्ही अजून जागेवर होती.

"मनोऱ्यापासून किती लांब?"

"तीनशे बारा पावलं. पण आठ वर्षांच्या मुलीची."

झालं! डोक्यावर चर्चची फुलांची हॅट घालून बाई चिमुकली पावलं टाकत निघाल्या, मागे जीपीएस घेऊन मी. दोनशे ऐंशीला हायवेचं कुंपण आडवं आलं. उरलेली बत्तीस स्क्रीनवर चाललो. ठिपका पडला थेट मधल्या लेनमध्ये. मग 'ह्याच्या शेजारी कोण, त्याच्या पलीकडे कोण' करत बाकीची एकोणचाळीस बसवली.

रविवारी प्रदर्शन झालं. नकाशा बघून तिशीतला नातू म्हणाला, "ग्रँडमा, तिथे तर रस्ता आहे."

"चल, दाखवते," बाई म्हणाल्या, आणि दोघं माझ्याच गाडीत येऊन बसली.

"आता हळू. दुकान आलं."

मी मधल्या लेनमध्येच ब्रेक लावला. मागून हॉर्नचा नुसता गोंगाट.

"वाजवू देत," बाई हॅट सारखी करत म्हणाल्या. "आमच्याकडे रांग असायचीच."

मी आरशात पाहिलं. मागच्या सीटवर नातवाने गुपचूप टोपी काढून मांडीवर ठेवली होती.