परत आणून दाखवा

भोपाळात आजवर जे जे हरवलं नाही, त्यातलं निम्मं आमच्या वन्संमुळे हरवलं नाही, असं माझं ठाम मत आहे आणि ते खोडून काढणारं साकेत नगरात मला अजून कुणी भेटलेलं नाही. वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरात वरच्या खोलीत राहतात, आणि परवापरवापर्यंत मंडीदीपच्या एका औषधांच्या कारखान्यात संगणकांच्या प्रती काढून ठेवण्याचं काम करत होत्या. प्रती काढतात म्हटल्यावर लोकांना झेरॉक्सचं दुकान वाटायचं. मीही कित्येक वर्षं लोकांना तसंच वाटू दिलं, कारण खरं काय ते मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं म्हणणं माझ्या तेव्हाच्या प्रकृतीला मानवत नव्हतं.

मी तेव्हा तिशीतली. संस्कृत घेऊन बी.ए., दोन पोरांची आई, आणि अख्ख्या कॉलनीत माझ्याइतकी शहाणी बाई नाही यावर माझं एकमत होतं. वन्सं नुकत्या नोकरीला लागलेल्या. दर शनिवारी त्या कारखान्यातून एक जाडजूड काळी कॅसेट घरी आणायच्या आणि देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवायच्या. कारखान्याला आग लागली तर निदान आतली माहिती तरी बाहेर असावी, म्हणून ही सोय. त्यांनी मला हे नीट समजावून सांगितलं होतं. मी नीट ऐकलं नव्हतं. एका दुपारी मला भावगीतं ऐकायची लहर आली. ती कॅसेट टेपरेकॉर्डरात जाईना. मला वाटलं, टेपरेकॉर्डर जुना झाला. मी दाबली. आणखी दाबली. शेवटी झाकण तुटून हातात आलं, तरी बाईसाहेब गाण्याची वाट बघत बसल्या होत्या. संध्याकाळी वन्संनी कॅसेट उलटीसुलटी करून पाहिली आणि जराही न रागावता म्हणाल्या, "बरं झालं वहिनी. आगीशिवाय घरात दुसराही धोका असतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं." दुसऱ्या दिवशी खणाला कुलूप लागलं.

पुढे कॅसेटी गेल्या आणि व्हर्च्युअल मशिनं आली. ही काय भानगड असं मी विचारलं, तेव्हा वन्संनी भाजी निवडता निवडता सांगितलं की एक मोठं, खरंखुरं मशीन असतं आणि त्याच्या पोटात बरीच मशिनं राहतात. त्यांना अंग नाही, नुसता जीव. पण त्यातल्या प्रत्येकाला वाटतं, हे घर आपल्या एकट्याचंच. मी म्हटलं, म्हणजे एकत्र कुटुंब. त्या म्हणाल्या, "छे, एकत्र कुटुंबात असं कुणालाच वाटत नाही." अशा प्रत्येक मशिनाची अख्खीच्या अख्खी प्रत काढून दुसरीकडे ठेवायची. मोठं मशीन गेलंच, तर ती प्रत दुसऱ्या मोठ्या मशिनाच्या पोटात घालायची. ते जागं होतं आणि कामाला लागतं. मधे आपण गेलो होतो, याचा त्याला पत्ताही नसतो. मला हे फार आवडलं. आमच्याकडे दुपारी झोपून उठल्यावर यांचं अगदी तसंच असतं.

पण वन्संचं खरं वेड प्रत काढण्याचं नव्हतंच. "प्रत कुणीही काढतं," त्या म्हणायच्या, "परत आणून दाखवा." ठेवलेली प्रत परत येते का हे बघितलं नसेल, तर ती प्रत नाही, नुसती समजूत आहे, असं त्यांचं तत्त्वज्ञान, आणि ते त्यांनी घरात पार स्वयंपाकघरापर्यंत लागू केलं. आमचं विरजण शेजारच्या तिवारीणबाईंकडेही असे, यात विशेष काही नाही, सगळ्या बायका ठेवतात. पण वन्सं अधूनमधून आमचं चांगलं घट्ट दही कढीत घालून संपवायच्या आणि तिवारीणबाईंकडून विरजण आणून दही लागतं का ते बघायच्या. एकदा लागलं नाही. मी कपाळाला हात लावला, तर यांची बहीण आनंदाने शेजारी सांगायला धावली. तालीम फसली की वन्सं खूश. एका रविवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना अंगणात बोलावलं, दार ओढून घेतलं आणि जाहीर केलं की घराची किल्ली हरवली असं समजा. दुसरी किल्ली तिवारीणबाईंकडे होती आणि तिवारीणबाई उज्जैनला गेल्या होत्या. हे बनियनवर, हातात दुधाची पिशवी, तोंडाला दाढीचा फेस. कुलूपवाला येईपर्यंत अर्धी गल्ली जमली. "आज कळलं ते किती बरं झालं," असं वन्सं ज्याला त्याला सांगत होत्या. यांनी त्या दिवशी बहिणीला जे ऐकवलं, ते छापण्याजोगं नाही.

कारखान्यातही हेच. सुट्टीच्या दिवशी जाऊन त्या एखादं मशीन बाजूला, बाकीच्यांना धक्का लागणार नाही अशा बेताने, परत उठवून बघायच्या. त्यांचे साहेब भले गृहस्थ. आमच्याकडे एकदा पुरणपोळी खायला आले तेव्हा मला म्हणाले, "भाभीजी, मैडम चलती गाड़ी का बोनट खोलती हैं." मी म्हटलं, साहेब, तुम्ही निदान गाडीत आहात, आम्ही बनियनवर अंगणात असतो.

मग निवृत्ती आली. निरोपाला शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ हे ठरलेलंच. वन्संनी साहेबांकडे जाऊन वेगळंच मागितलं. माल पाठवण्याचं काम ज्या मशिनावर चालतं, ते त्या दुपारी बंद करायचं आणि प्रतीवरून परत उभं करायचं. ते करायचं त्यांच्या हाताखालच्या, सागर गावाहून आलेल्या मुलीने, एकटीने. साहेब घाबरले. वन्संनी समजावलं की ताजी प्रत आधी काढू, मूळ मशीन नुसतं बंद ठेवू, पुसणार नाही. "मी वेडी आहे, बावळट नाही," त्या म्हणाल्या. पण हे कशासाठी, असं मी घरी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "आजवर जे जे परत आलं, ते प्रत चांगली होती म्हणून आलं की मी तिथे होते म्हणून आलं, हे मला कळलेलं नाही. मी होते म्हणून येत असेल, तर इतकी वर्षं मी काहीच केलं नाही, वहिनी."

जाणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही, म्हणून साहेब हो म्हणाले. समारंभाला घरच्यांनाही बोलावणं होतं. आम्ही दोघं गेलो. समोर समोसे, मागे फुगे, आणि एका टेबलाशी ती मुलगी. मशीन बंद झालं. फाटकावर ट्रक थांबले. वन्सं पहिल्या रांगेत माझ्या शेजारी, नव्या चंदेरी साडीत, हात मांडीवर. पडद्यावर एक पट्टी गोगलगायीसारखी सरकत राहिली, भरली, आणि मशीन जागं झालं. टाळ्या वाजल्या. पण फाटकावरून फोन आला की इथे काही दिसत नाही. मशीन जागं होतं, पण बोलत कुणाशीच नव्हतं. मुलगी एक बघते, दुसरं बघते. ट्रकवाले हॉर्न देऊ लागले. सगळे वन्संकडे बघायला लागले, साहेबसुद्धा. मी शेजारून पाहिलं तर वन्संच्या चेहऱ्यावर काही नाही, पण पदराचं टोक बोटाभोवती इतकं घट्ट गुंडाळलेलं की बोट पांढरं पडलं होतं. त्यांना उत्तर ठाऊक होतं. मी कोपराने ढोसलं, सांगून टाका ना.

"गप्प बसा वहिनी," त्या पुटपुटल्या. "मी रिटायर झालेय."

मुलीने डोळे मिटले, उघडले, आणि स्वतःशीच हसली. "तार ही नहीं लगाया." नंतर मला कळलं, त्या बिनअंगाच्या मशिनाची वायरही बिनअंगाचीच असते, पडद्यावरच्या एका चौकोनात खूण केली की ती लागते. परत उठवलेल्या मशिनाची वायर कधीकधी सुटलेली असते. तिने खूण केली. फाटकावरून फोन आला, आणि थोड्या वेळाने पहिला ट्रक गेल्याचा आवाज आला. मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की हे माझ्याकडे बघायला लागले. वन्संनी बोटावरचा पदर सोडवला आणि एक अख्खा समोसा खाल्ला. मग साहेब भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले की मैडम के बिना यह विभाग कैसे चलेगा.

"चलेगा, सर," वन्सं बसल्या जागेवरून म्हणाल्या. "अभी देखा न।"

त्या संध्याकाळी मी कॉलनीत भेटेल त्याला हे सांगत सुटले होते. झेरॉक्स समजणाऱ्यांना तर दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या बसच्या वेळेला वन्सं खाली आल्या, त्या अंघोळ करून, वेणी घालूनच. आमच्या घरच्या संगणकासमोर बसल्या आणि कारखान्यात शिरण्यासाठी आपलं नाव आणि परवलीचा शब्द घातला. पडद्यावर लाल अक्षरं आली, आपल्याला प्रवेश नाही. त्यांनी मला हाक मारून ते दाखवलं. माणूस गेलं की संध्याकाळच्या आत त्याचं नाव काढायचं, हे त्यांनीच त्या मुलीला शिकवलं होतं. "काढलं बघा, कालच्या कालच," त्या म्हणाल्या. पोरगी पहिली आल्यावर आई जशी निकाल दाखवते, तशा. "तयार झाली हो पोरगी."

मी चहा आणायला वळले. मागे पुन्हा बटणांचा आवाज आला. वन्सं तेच नाव, तोच शब्द, या वेळी एकेक अक्षर बघून, सावकाश घालत होत्या.