भोंगेवालीचा डूख

माझी वहिनी डूख धरते. हे मी तिच्या तोंडावर सांगते, आणि ती "हो, धरते. मग?" म्हणते नि चहा ओतत राहते. सापही डूख धरतो म्हणे, पण सापाला एवढी चिकाटी कुठली! एकदा एका दुकानदारानं तिच्या गळ्यात फुटका स्पीकर मारला होता. तो म्हातारा झाला, दुकान जावयाकडे गेलं, तरी वहिनी त्या गल्लीतून मान फिरवून जाते. जावयाचा काय दोष, असं मी एकदा विचारलं. "मुलगी याच घरची केली ना त्यानं? मग भोगू दे," म्हणाली.

सगळे तिला भोंगेवाली म्हणतात. माझा भाऊ सभा-समारंभांना माईक, स्पीकर, भोंगे भाड्यानं द्यायचा. तो गेला तेव्हा ज्यानं त्यानं सल्ला दिला, विकून टाक सगळं, हे काय बायकांचं काम आहे? वहिनीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि टेम्पो चालवायला शिकली. अंगानं किरकोळ, पण खांबावर चढून भोंगा बांधते. आवाजाच्या मशीनमागे बसली की भलेभले वक्ते आधी तिच्याकडे बघतात, तिनं मान हलवली की मगच तोंड उघडतात.

आणि नशिबाची थट्टा बघा, हिच्याच पोटी चिमणी. चिमणी म्हणजे माझी भाची. आता माझ्यापेक्षा उंच झालीय, पण नाव पडलं ते पडलं. ती स्वमग्न आहे, ऑटिझम म्हणतात तो. तिला अचानक झालेला आवाज सोसत नाही. शेजारी कुणी दार आपटलं तरी इकडे हिचा जीव घशाशी येतो. म्हणून धंद्यातलेच मोठे हेडफोन कानाला लावून ती घरात फिरते. वायरी गुंडाळायला तिला फार आवडतं. तिनं गुंडाळलेली वायर कधी पिळत नाही, आणि दुसऱ्या कुणी गुंडाळलेली असली तर ती मुकाट्यानं सोडते आणि पुन्हा गुंडाळते. माझी तर ती नेहमीच सोडते.

सरकारी मदतीतून तिला तिच्यासारख्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रात जागा मिळाली होती. सकाळी गाडी दारात यायची, संध्याकाळी आणून सोडायची. तिथल्या बायांनी तिला केस विंचरायला शिकवलं, बुटाची नाडी बांधायला शिकवलं. एके दिवशी तिनं मला चक्क फोन केला आणि म्हणाली, "आत्या, ये." मी रिक्षानं गेले आणि वाटभर रडले. ती केंद्रात जायची म्हणून वहिनी कामाला बाहेर पडू शकायची. त्या जागेवर आमचं घर उभं होतं, हे एवढं लक्षात ठेवा.

जागा टिकवायची तर दरवर्षी तपासणी. माणूस अजून अपंग आहे का, ते साहेबापुढे जाऊन दाखवायचं. जसं काही वर्षभरात पोरगी सर्दीसारखी बरी होणार होती! त्या वर्षी साहेब नवीन होता. मीही सोबत गेले होते.

"नाव काय?" साहेबानं विचारलं. चिमणीनं स्वच्छ सांगितलं. "राहतेस कुठे?" तिनं पत्ता सांगितला, जिना कुठल्या हाताला आहे ते सुद्धा सांगितलं. साहेब आमच्याकडे बघून हसला. "हिला काय धाड भरलीय? माझ्या मुलीपेक्षा छान बोलते."

"साहेब, तिला आवाज सहन होत नाही," वहिनी म्हणाली.

"असं? बघू या." आणि त्या मेल्यानं लोखंडी टेबलावर दाणकन हात आपटला.

चिमणी टेबलाखाली गेली. ती जी किंचाळली, ती थांबेचना. तिचे कपडे ओले झाले, सगळ्यांसमोर. बाहेरची रांग दारातून वाकून बघत होती. साहेब खुर्ची मागे सरकवून म्हणाला, "ऊठ. पुरे झालं नाटक." मग कारकुनाकडे वळला. "हिला मदतीची नाही, शिस्तीची गरज आहे. जागा रद्द."

मी त्याच्या अंगावर धावून जाणार होते, वहिनीनंच माझा दंड धरला. तिनं स्वतःचा स्वेटर काढून पोरीच्या कमरेला बांधला आणि तिला जिन्यावरून खाली आणलं. फाटकाशी आल्यावर मला म्हणाली, "वन्सं, याचं उट्टं काढल्याशिवाय मी मरणार नाही." आवाज अगदी साधा होता, भाजी संपलीय असं सांगावं तसा.

गाडी यायची बंद झाली. मी घरी थांबू शकेन त्याच दिवशी वहिनी काम घ्यायची. चिमणी बोलेनाशी झाली, वायरींना हात लावीनाशी झाली. अपील करा, असं ऑफिसात सांगितलं. कुणाकडे? तर त्याच साहेबाकडे! चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. या खिडकीतून त्या खिडकीत जाऊन आमच्या नाकी नऊ आले, आणि प्रत्येक खिडकीतला माणूस आमच्याशी तोंडात सुपारी धरल्यासारखा बोलायचा.

अशात वरून हुकूम आला, की प्रत्येक सरकारी ऑफिसात स्वमग्न माणसांसाठी एक शांत खिडकी हवी. तिथे मंद दिवा असावा, पुकारा नको, गर्दी नको, मोठ्यानं बोलणं नको. आमच्या साहेबानं मोडक्या खुर्च्यांचा कोपरा रिकामा केला, निळा रंग फासला आणि झाली खिडकी तयार. मग उद्घाटन ठरलं. शांत खिडकीचं उद्घाटन, आणि ते कसं, तर अंगणात मांडव, टाळ्या, भाषणं आणि माणसाच्या उंचीचे स्पीकर! ही अक्कल फक्त सरकारी ऑफिसातच पिकते. मांडववाल्यानं स्पीकरचं काम नेहमीप्रमाणे वहिनीला दिलं. साहेबाला भोंगेवाली कोण याचा पत्ताही नव्हता.

"थुंक असल्या कामावर," मी म्हटलं.

"वेड लागलंय का वन्सं? ताट वाढून समोर आलंय," वहिनी म्हणाली. कित्येक महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर तरतरी दिसली.

तिचा बेत असा. साहेब टेबलाशी बसून भाषण करणार, तर मोठे स्पीकर बरोबर त्याच्या पाठीशी लावायचे. तो माईकजवळ वाकला की मशीनचं बटण शेवटपर्यंत फिरवायचं. माईक अशी शिट्टी मारतो की माणसाच्या दाढा हलतात. साहेब खुर्चीवरून पडला पाहिजे, जमलं तर त्याची पँटही ओली झाली पाहिजे, मोठ्या बाईंच्या देखत. मोठ्या बाई म्हणजे मुख्य कचेरीतून आलेल्या पाहुण्या, त्याच्याही वरच्या. मला बेत इतका आवडला की मी वहिनीचा हात दाबला. चिमणीला त्या दिवशी शेजारणीकडे ठेवलं आणि मी मशीनजवळ जाऊन बसले.

मोठ्या बाई आल्या, टाळ्या झाल्या. साहेब टेबलाशी बसला. वहिनीनं बटणावर हात ठेवला आणि समोर बघितलं.

पहिल्या रांगेत त्यांनी फोटोसाठी स्वमग्न पोरं आणून बसवली होती. प्रत्येकाशेजारी आई. एक तर चांगला मिशीवाला बाप्या होता. कानांवर हात दाबून पुढे-मागे झुलत होता, आणि त्याची म्हातारी आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"नमस्कार," साहेब माईकमध्ये म्हणाला.

"आता, वहिनी!" मी कोपरानं ढोसलं.

"वन्सं, ती लेकरं बघा."

"बघितली. क्षणाचं तर काम आहे!"

"चिमणीलाही एक क्षणच लागला होता," ती म्हणाली. तिनं बटण सोडलं आणि वायर उपटली. खरं सांगते, मला तिचा राग आला. हातातोंडाशी आलेला घास हिनं टाकून दिला.

साहेबाचं तोंड हलत होतं, आवाज नव्हता. त्यानं माईकवर टिचक्या मारल्या, फुंकर मारली. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. आणि साहेबाचं डोकं सणकलं. "काय चाललंय काय हे!" तो ओरडला आणि टेबलावर दाणकन हात आपटला.

मिशीवाला खुर्चीखाली गेला. तो ओरडायला लागला, शेजारची पोरगी रडायला लागली. आणि साहेब, सवयीचा गुलाम, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "त्याला आधी बाहेर काढा रे. इथे नाटकं नकोत."

मोठ्या बाई उठल्या. मिशीवाल्यापासून थोड्या अंतरावर जाऊन तो शांत होईपर्यंत खाली जमिनीवर बसून राहिल्या. वहिनी मशीन सोडून टेबलापाशी गेली. साहेबानं तिला ओळखलं, तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"साहेब, बाईंना पुन्हा आपटून दाखवा ना," वहिनी म्हणाली. "तपासणी कशी करता ते कळू दे त्यांना."

मग तिनं सगळं सांगितलं, ओल्या कपड्यांसकट. ती थांबते न थांबते तोच मिशीवाल्याची आई उभी राहिली. "आमच्याही वेळी आपटला होता." मग दुसरी आई. मग तिसरी. ती त्याची तपासणीच होती! घाबरला तर नाटक, नाही घाबरला तर ठणठणीत. दोन्हीकडून जागा रद्द. साहेब "गैरसमज, गैरसमज" करत घाम पुसत होता. मी मशीनमागे उभी राहून त्याचा घाम बघितला आणि डोळे भरून बघितला. लपवायचं कशाला?

चौकशी लागली. ती सुरू व्हायच्या आधी साहेब आमच्या गोदामावर आला, हात जोडून. "तुमच्या मुलीची जागा उद्या देतो. फक्त एवढं सांगा, माईक बिघडला म्हणून माझा तोल गेला." वहिनीनं त्याला उन्हात उभं ठेवून हातातली वायर गुंडाळून संपवली.

"माझा माईक बिघडत नाही," ती म्हणाली. "आणि बाकीच्या आयांना काय देणार?" चौकशीत तिनं एकही शब्द गाळला नाही. साहेबाची खुर्ची गेली. जुन्या फायलींच्या तळघरात त्याला बसवलंय, तिथे त्याला माणूस म्हणून दिसत नाही. मी गल्लीभर हाका मारमारून ही बातमी सांगितली.

सगळ्यांच्या तपासण्या पुन्हा झाल्या, आणि चिमणीची जागा परत मिळाली. गाडी आली त्या सकाळी वहिनीनं तिचे केस विंचरले, बूट घातले. गाडीवाल्यानं हॉर्न न वाजवता दार उघडलं. चिमणी दारापर्यंत आली, गाडी बघितली आणि मागे फिरून टेबलाखाली जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तेच झालं, नंतरही तेच. गाडीवाला भला आहे. रोज येतो, थोडा वेळ थांबतो, मान खाली घालून जातो.

लोक वहिनीला म्हणतात, झालं ना मनासारखं, आता सोडून दे, माफ कर त्याला. वहिनी म्हणते, चिमणी ज्या दिवशी गाडीत बसेल, त्या दिवशी विचार करीन.

मी तर त्या दिवशीही करणार नाही.