बैलांचं आवतन

“आज आवतन घ्या होऽऽ! उद्या जेवाले या होऽऽ!”

मामाजी ओरडत होते. माझे सासरे साधं ‘पानी दे’ म्हणाले तरी सातपुड्यातले पोपट झाडं बदलत. त्या संध्याकाळी तर ते मुद्दाम ओरडत होते. दुसऱ्या दिवशी सोनाळ्याहून आलेल्या एका माणसानं विचारलं, “काल तुमच्याकडं कोनाले जेवाले बोलावून राह्यले होते हो?” सोनाळा आमच्या गावापासून चांगला अडीच कोस. तुम्ही माझं सांगणं निम्मं धरा, माझी हरकत नाही. निम्म्यातही सव्वा कोस उरतोच.

बोलावणं होतं ते बैलांना. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या वऱ्हाडात बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यावर आधी गरम पाणी, मग तूप-हळद, पळसाच्या पानानं चोळून चोळून. आणि मग घरच्या कर्त्यानं बैलाच्या कानाशी तोंड नेऊन त्याला उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. बैल घरचा, गोठा घरचा, पुरण घरचं. तरी आमंत्रण दिल्याशिवाय त्यानं यायचं नाही, अशी रीत. आमचा तांबडा बैल बहिरा आहे असं मामाजींचं म्हणणं होतं. खरं तर बहिरे मामाजी होते. बैल त्यांच्या भिडेखातर काही बोलत नसे.

गोठ्याला लागून छातीएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडं आमची कापसाची खोली. त्या वर्षी त्या खोलीत कापूस नव्हता. मिशनची बाई होती.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झाला होता. मामाजींच्या लेखी राजधानी अजून नागपूरच होती आणि मुंबई ही सरकी विकायची जागा. अशात एका उन्हाळ्यात नांदुऱ्याहून मिशनची जीप आली आणि तिच्यातून एक गोरी, उंच, मक्याच्या कणसासारख्या केसांची बाई उतरली. शिकलेली नर्स. तिच्या देशात म्हणे सहा महिने बर्फ असतो आणि लोक नदीवरून बैलगाडी हाकतात. मामाजींनी हे ऐकून एकच प्रश्न विचारला, “मंग बैल पानी पेतात कुठं?” तेव्हापासून तिच्या देशाबद्दल मामाजींचं मत थोडं वाईटच झालं.

बाई गोरी, हे गावाला चाललं. तिचा देव वेगळा, तेही चाललं. गावात मशीद होती, पिंजाऱ्यांची घरं होती, देवांची दाटी आम्हाला नवी नव्हती. पण बाई बिनपगारी आहे, आपल्या मनानं दोन वर्षं फुकट सेवा करायला आली आहे, हे मात्र कोणाच्या घशाखाली उतरेना. चावडीवर तीन तट पडले. एक म्हणायचा, तिनं तिकडं नवरा मारला असेल. दुसरा म्हणायचा, मारला नसेल, नवऱ्यानंच हाकलली असेल. तिसरा तट आमच्या आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूचा. त्यात त्या एकट्याच होत्या, पण तट मोठा होता. त्या म्हणायच्या, “नवरा असता तं एवढं फिरू दिलं असतं काय? नाहीच तो.”

बाई रुळत होती, पण गाव पाहत होतं म्हणून तिचं रुळणं म्हणजे रोजचा तमाशा. पहिल्या दिवशी तिनं विहिरीत बादली सोडली ती दोरासकट. दुसऱ्या दिवशी आमच्या म्हशीनं तिची गवताची टोपी खाल्ली. आणि सांगते, त्या दिवशी म्हशीनं शेरभर दूध जास्त दिलं. तिची पहिली भाकरी इतकी टणक झाली की माझ्या धन्यांनी ती गाडीच्या चाकाखाली अडवण म्हणून लावली आणि ती दोन पावसाळे टिकली. साडी तिला नेसता यायची नाही. आत्याबाई भिंतीवरून हात घालून तिच्या निऱ्या खोचायच्या. पण बाई खट्टू होत नसे. रोज काही नवं फसलं की स्वतःच हसायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विहिरीवर हजर. मराठी ती कुठल्याशा शाळेत शिकून आलेली. ‘कृपया मला थोडी जागा द्यावी’ असं ती म्हशीलाही म्हणायची. म्हैस द्यायची.

फसलं ते एकाच जागी. दवाखान्यात.

खोलीच्या दारावर मास्तरांच्या सुबक अक्षरात ‘दवाखाना’ अशी पाटी लागली. बाई रोज सकाळी स्टुलावर बसायची. समोर पट्ट्या, बाटल्या, उकळलेल्या सुया. आणि रोज दुपारी ते सगळं पुन्हा पेटीत ठेवायची, कारण चिटपाखरू यायचं नाही. गावात बोलवा होती की तिच्या औषधात मंतरलेलं पाणी असतं. गोळी घेतली की रात्री घाम फुटतो, ताप उतरतो आणि सकाळी माणूस उठतो तो बाटलेलाच. ज्याला ताप नव्हता तोही गल्लीच्या पलीकडच्या कडेनं जायचा.

आता यात माझं काय अडलं होतं ते सांगते, आणि हे निम्मं धरू नका. मी तेव्हा चार महिन्यांची पोटुशी होते. माझं पहिलं लेकरू आदल्या वर्षी नांदुऱ्याच्या दवाखान्याच्या वाटेवर गेलं. गाडी चिखलात रुतली होती. त्यावर जास्त बोलायला नको. भिंतीपलीकडं शिकलेली नर्स आहे, हा मला आलेला पहिला धीर होता. पण सासूनं उंबरा ओलांडल्याशिवाय सुनेनं तो ओलांडायचा नाही. आणि आत्याबाई निऱ्या खोचायला भिंतीवरून हात घालत, पण त्या दारातून आत पाऊल म्हणून टाकत नसत.

श्रावणात जीप पुन्हा आली. मिशनचे पाद्री आले होते. आपल्याकडचेच, नगरकडचे, भले गृहस्थ. मी भिंतीअलीकडं गोवऱ्या रचत होते, म्हणजे ऐकत होते.

“बाई, तुमची तळमळ दिसते आम्हाला,” ते म्हणाले. “पण मोठ्या दवाखान्यात माणूस कमी आहे आणि इथं तुम्ही नुसत्या बसून आहात. पोळा होऊ द्या. दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला न्यायला येतो.”

“मी आणखी प्रयत्न करीन,” बाई म्हणाली.

“पोळ्यापर्यंत करा.”

माझ्या हातातली गोवरी फुटली.

तर पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मामाजींनी बैलांना आवतन दिलं ते असं. पलीकडून बाई काहीतरी हळू बोलली. मला वाटलं, प्रार्थना चालली आहे.

पोळा फुटला. तोरणाखालून बैल घरी आले, शिंगांना बेगड, अंगावर झुली, तांबड्याच्या जोडीदाराच्या, कबऱ्याच्या, कपाळाला आरसा. दारात आत्याबाई तांब्या घेऊन त्यांचे पाय धुवायला उभ्या. सुपात पुरणपोळ्या. अख्खी गल्ली बघायला गोळा. आणि तेवढ्यात भिंतीच्या टोकाला वळसा घालून बाई आली. नवी साडी, निऱ्या स्वतःच्या हातानं खोचलेल्या, हातात डब्यात भाजलेला पाव. येऊन ती सरळ बैलांच्या रांगेत तांबड्याच्या शेजारी उभी राहिली.

“नमस्कार. आपण मला काल जेवायला बोलावलेत. मी भिंतीपलीकडून होकार दिला होता. मी आले आहे.”

साऱ्या गल्लीनं मामाजींकडं पाहिलं. मामाजींनी मला विचारलं, “काय म्हनते ते?”

मी त्यांच्या कानात ओरडले, “तुम्ही जेवाले बोलावलं म्हनते, मामाजी!”

“म्या?” मामाजींनी तांबड्याकडं पाहिलं. तांबड्यानं नजर टाळली.

मला हसू फुटणार तोच आत्याबाईंनी माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की त्याचा वण मी पुढं माझ्या सुनांना दाखवत असे. “हासू नको वं,” त्या पुटपुटल्या. “आवतन घेऊन दारात आलेलं मानूस हाय.” आणि त्या पुढं झाल्या. कबऱ्याचे पाय धुतले. तांबड्याचे धुतले. मग तोच तांब्या घेऊन बाईचे पाय धुतले. कुंकवाचा करंडा हातात घेतला आणि थबकल्या.

“तुमच्यात चालते काय, बाई?”

“कुंकू राहू द्या. हळद द्या, मी हाताला लावीन.”

“हाव. हे बी ठीक,” आत्याबाई म्हणाल्या.

आधी बैल जेवले, मग बाई. बाई इतकं जेवली की शेवटची पोळी तिनं डोळे मिटून खाल्ली. तिचा पाव मामाजींनी खाल्ला आणि ‘याले पुरन भरा लागत होतं’ असा निकाल दिला. पान उचलल्यावर मला राहवेना. म्हटलं, “बाई, रागावू नका. ते आवतन बैलाले होतं.”

तिला समजायला जरा वेळ लागला. मग ती हसायला लागली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी, कपाळ भिंतीला टेकलेलं. गल्लीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, त्यांनी पदर सोडले आणि मोकळ्या हसल्या. हसणं ओसरल्यावर बाईनं आत्याबाईंना विचारलं, “बैल तुमचाच आहे. मग त्याला का सांगावं लागतं?”

“सांगितल्याबिगर कोनी येते काय?” आत्याबाई म्हणाल्या. “आमी बैलाले बी एक दिवस आधी सांगतो. तुमी तं मानसाईले पाटी लावली. पाटी काय आवतन देते?”

बाई एकदम उभी राहिली. “मग तुम्ही माझ्याबरोबर याल का? आता?”

आत्याबाईंनी मामाजींकडं पाहिलं. मामाजींना काही ऐकू आलं नव्हतं म्हणून त्यांनी मान हलवली. झालं. आत्याबाई वाटीत अक्षता घेऊन निघाल्या, बाई त्यांच्या मागं, आणि मी दोघींच्या मागं. घरोघरी. दारात उभं राहून आत्याबाई अक्षता द्यायच्या आणि बाई हात जोडून म्हणायची, तिला येत असलेलं एकुलतं एक वऱ्हाडी आवतन:

“आज आवतन घ्या हो. उद्या दवाखान्यात या हो.”

ते बैलांचं बोलावणं माणसांना दिलेलं ऐकून गाव हसून हसून लोळलं. एका आजोबांची दहा वर्षांची उचकी थांबली, तेवढं तर औषधाशिवायच झालं. एकानं ओरडून विचारलं, “झूल घालून येऊ काय, बाई?”

“घालून या,” बाई म्हणाली. “पण या.”

पण हसा की रडा, दारावर येऊन दिलेलं आवतन आमच्यात मोडत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. एकजण तर खरोखर बैल घेऊन आला. आवतन बैलाचं होतं, तर बैलच आणला म्हणाला. बैलाच्या खांद्याला जुवानं जखम झाली होती. बाईनं ‘कृपया स्थिर उभे राहावे’ म्हणत तीच आधी धुतली आणि बांधली. बैलाला औषध लागलं आणि तो बाटला नाही, हे अख्ख्या गावानं डोळ्यांनी पाहिलं. मग माणसांनी धीर केला. सगळ्यात आधी दारातून आत गेल्या त्या आत्याबाई. गुडघा दुखतो म्हणाल्या. त्यांचा गुडघा कधी दुखला नव्हता. त्यांच्या मागून मी.

जीप आली तेव्हा बाईसमोर आमचा पिंजारी बसला होता. कापूस पिंजणारा धिप्पाड माणूस, पण पायात गेलेला खिळा त्यानं आठवडाभर लपवला होता. पाय सुजून काळा पडत चालला होता. “बैलों को बुलाया तो मैं भी आ गया, बाई,” असं तो हसून म्हणाला, पण कपाळावर घाम होता. बाईनं पाय पाहिला आणि तिचं हसू गेलं.

“चला बाई, सामान कुठं आहे?” पाद्रींनी विचारलं.

“याला आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या,” बाई म्हणाली. “उद्या नाही. आत्ता.”

तोवर ड्रायव्हरनं तिची कपड्यांची पेटी जीपमध्ये चढवली होती. ती तिनंच उतरवली, आणि त्या जागेवर पिंजाऱ्याचा पाय लांब करून ठेवला. त्याच्याबरोबर त्याची बायको चढली, आई चढली, दोन मेव्हणे, तीन शेजारी, एक शेळी, कारण ती सवयीनं मागं मागं चढली. पाद्रींनी एकदा गल्लीतली गर्दी पाहिली, एकदा बाईकडं पाहिलं. “बरं,” एवढंच म्हणाले आणि स्वतः फूटबोर्डावर उभे राहून नांदुऱ्यापर्यंत गेले. पिंजाऱ्याचा पाय वाचला. पुढं त्यानं बाईला इतकी मऊ गादी भरून दिली की तिला तिच्यावर झोपच येईना.

संक्रांतीच्या सुमारास, भर दुपारी, त्याच कापसाच्या खोलीत माझी थोरली झाली. गाडी नाही, चिखल नाही. आत्याबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि बाहेर मामाजी विचारत होते ते सोनाळ्यात ऐकू येत होतं. लेकरू रडलं, बाईनं ते पुसून माझ्या कुशीत दिलं. बाई पुढं दोनाची पाच वर्षं राहिली, माझी आणखी दोन लेकरं तिच्याच हाताची. तिचे उपकार फेडायचे तर मला आणखी एक जन्म लागेल आणि त्यातही बोलण्यातच निम्मा जाईल. पण त्या दुपारी मी एवढंच विचारलं,

“बाई, पाद्री न्याले आले होते. तुम्ही त्या दिवशी गेल्या काऊन नाही?”

बाई चिमटे उकळत्या पाण्यात टाकत होती.

“जीपमध्ये जागा नव्हती,” ती म्हणाली.