रुंद पायांची रबरी वल्ही

माझे पाय लहानपणापासून रुंद. वेल्ह्याच्या डोंगरात अनवाणी हिंडून बोटं फाकलेली. लग्नातही वहाणा चावल्या म्हणून त्या हातात धरूनच मांडवात गेलो.

भाटघरच्या धरणाचं पाणी चढलं तेव्हा आमचं गाव वर सरकलं. सामान नेताना होडी कलंडली आणि देवळाची घंटा तळाला गेली. पुढं मोठा झाल्यावर एका उन्हाळ्यात, पाणी उतरलं असताना, मी बुडी मारून ती शोधली. हात लागला, पण दोर बांधायच्या आत दम संपायचा.

लढाईवरून रजेवर आलेला एक अंमलदार तेव्हा धरणावर मासे धरायला यायचा. त्याच्याकडं पायात घालायची रबरी वल्ही होती, बेडकाच्या पंजासारखी. त्यानं ती मला घालून बघायला दिली. पाय कसेबसे कोंबले. पाण्यात वेग आला खरा, पण पोटऱ्यांत गोळे आले आणि करंगळ्या सोलून निघाल्या.

"पाय आहेत का फावडी?" अंमलदार हसला. काठावरचे आमचे लोकही हसले.

भोरला चांभारवाड्यात एक म्हातारा होता. त्यानं माझा पाय जमिनीवर ठेवून कोळशानं भोवती रेघ ओढली. बापाच्या वयाचा असून तो मला 'तुमी' म्हणायचा, मी त्याला 'तू'.

"पायात खोट न्हाई," तो म्हणाला. "साहेबाचं रबर अरुंद हाय. पायाला कशापायी बोल लावायचा?"

लॉरीच्या जुन्या ट्यूबचं त्यानं वल्हं बेतलं, टाचेला चामड्याचा पट्टा. पहिला जोड पाण्यात निसटला. दुसरा घोट्याला घासला. तिसरा घातला आणि पायात काही आहे हेच विसरलो.

"घंटा निघंल त्या दिशी म्या येनार," तो म्हणाला. "माजं काम पान्यात कसं चालतंय, बगायचंय."

तो आला. धुतलेलं धोतर नेसून, काठावर एका बाजूला उभा राहिला. मी पाण्यात होडीची कड धरून होतो. तेवढ्यात माझा चुलता त्याच्यावर ओरडला, "देवाची वस्तू वर येतीया. तू हितं कशाला? लांब हो!"

म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याचीच वल्ही माझ्या पायांत होती. एक शब्द बोलायचा होता मला. मी छाती भरून दम घेतला आणि बुडी मारली.

दोर बांधून वर आलो तेव्हा तो निघून गेला होता. लोकांनी घंटा ओढून काढली, गुलाल उधळला, मला खांद्यावर घेतलं. चामड्याच्या पट्ट्याचा विटाळ त्या दिवशी कुणाला झाला नाही.

दोन दिवसांनी पूजेचा नारळ घेऊन मी भोरला गेलो. म्हातारा जोडा शिवत होता.

"पाय दुकलं का?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"न्हाई."

"मग झालं."

मी नारळ पुढं ठेवला. तो शिवतच राहिला. शेवटी मी नारळ उचलला आणि परत फिरलो. घरच्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, त्यानं हौसेनं घेतला.