मिस्त्रीकाकांचा होकार

लकडगंजातल्या मिस्त्रीकाकांचं सायकलीचं दुकान होतं, पण कोणाच्या सायकलीत ते हवा भरून देत नसत. पंप भिंतीला टेकवलेला. घ्या आणि भरा. कोट घातलेला वकील आला तरी तेच. "चाक तुमचं, जाणार तुम्ही, मंग दम माहा काहून काढता?" असं म्हणत ते आपले चाकाचे आरे कसत बसत.

माझी त्यांची गाठ बाबांमुळे पडली. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. सायकल शिकून जेमतेम तीन महिने झालेले, आणि संक्रांतीला दोघी मैत्रिणींबरोबर थेट ताईच्या सासरी, नरखेडकडच्या एका खेड्यात, सायकलनं जायचा हट्ट धरला होता. पन्नासेक मैल. एसटी होती हो! पण परीक्षा झाली की घरात स्थळं बघायला सुरुवात होणार होती. त्याआधी एकदा तरी स्वतःच्या पायांनी कुठे तरी पोचायचं होतं. बाबा गांधीबागेत कापडाच्या दुकानात होते. माझ्याशी वाद नको म्हणून ते म्हणाले, "मिस्त्रीनं हो म्हटलं तर जाय." लांबच्या वाटेला मिस्त्री कोणालाच हो म्हणत नाहीत, हे साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं.

काकांची परीक्षा अजब. कॅरियरवर संत्र्यांची टोपली बांधायची आणि खड्ड्याखड्ड्यांतून गांधीबागेपर्यंत जाऊन यायचं. मी परत आले की काका एकेक संत्रं हातात घेऊन दाबून बघत. एखादं नरम लागलं की सोलून खात आणि म्हणत, "खड्डा दिसला की हळू व्हा लागते वं. तू त्याच्याशी भांडून राहिली. उद्या ये." महिनाभर त्यांनी माझ्या चुका अशा फोडी करून खाल्ल्या.

त्यात मी एक पराक्रम केला. चेन कुरकुरते म्हणून स्वयंपाकघरातलं जवसाचं तेल तिच्यावर सढळ हातानं ओतलं. आमच्याकडे भाजीला तेच असायचं. दोन दिवसांत धूळ बसून त्याचा असा चिकटा झाला की पायडल हलेना. सायकल ढकलत दुकानात नेली. काकांनी चेनला बोट लावलं, वास घेतला आणि विचारलं, "चेनले फोडणी काहून दिली वं?" मग हसून हसून त्यांना खोकला लागला. साफ मात्र मलाच करायला लावली, रॉकेलमध्ये, चांगले दोन तास. त्यानंतर चेन चढवणं, पंक्चर काढणं, सगळं त्यांनी शिकवलं. रोज निघताना मी विचारायची, "काका, आता?"

"अजून नाही."

निघायच्या आदल्या दिवशी टोपलीतलं एकही संत्रं नरम निघालं नाही. काकांनी दोन-दोनदा दाबून पाहिलं. तरी "अजून नाही." मग मात्र माझं डोकं फिरलं. "कधी हो म्हणूच नका! तुमचं आणि बाबांचं आधीच ठरलेलं असेल," असं भर दुकानात ओरडले आणि रडत घरी आले.

संध्याकाळी काका दारात उभे. हात घासून धुतलेले, अंगात स्वच्छ सदरा. आमच्या घरी ते कधी आले नव्हते. बाबांनी बसा म्हटलं, पण ते बसले नाहीत.

"भाऊ, पोरगी तयार आहे. आठ दिवस झाले, तयार आहे. भेव मलेच वाटून राहिलं होतं, अन् मी ते तिच्यावर ढकलून राहिलो होतो."

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मलेही."

पहाटे आम्ही तिघी निघालो आणि दिवस मावळायच्या आत ताईच्या अंगणात पोचलो. पाय इतके भरून आले होते की ताईनं हात धरून उतरवलं.

काका जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. पुढे आयुष्यात "तुझी अजून तयारी नाही" म्हणणारे ढिगानं भेटले. त्यांतला एकही कधी माझ्या दारात येऊन "भीती माझी होती" असं सांगून गेला नाही.